दडवलेली दुरुस्ती

मोटारीच्या दुरुस्तीत दिसायला क्षुल्लक, पण परिणामाने अत्यंत गंभीर अशी जी कामे आहेत, त्यांत स्टिअरिंगच्या चाकाचे झिजलेले दाते पुन्हा धरते करण्याच्या कामाचा क्रम बराच वरचा लागेल. आणि तरीही या कामाविषयी ना ग्राहकाला माहिती, ना कारखानदाराला आस्था, ना तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याला चौकशीची सवड, अशी आपल्याकडची स्थिती आहे. इंजिन बिघडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते आणि मालकाच्या खिशाला चाट बसण्यावर निभावते. परंतु चालकाचे हात आणि पुढची चाके यांच्यामधला पहिलाच सांधा निसटला, तर गाडी धावतच असते, इंजिनही निर्वेध चालत असते, फक्त हातातल्या वर्तुळाचा आणि रस्त्याचा संबंध तेवढा तुटलेला असतो. अशा सांध्याची दुरुस्ती कोणी, कशी आणि कोणाच्या जबाबदारीवर करावी, हा प्रश्न केवळ गॅरेजवाल्यांचा मानून चालणार नाही. माझे मत असे की, या दुरुस्तीला सरसकट बंदी घालणे जितके अव्यवहार्य आहे, तितकेच ती आजच्यासारखी चोरून होऊ देणे घातक आहे. मापे, सुटे भाग आणि लेखी नोंद या तिन्हींचा आधार देऊन तिला उजेडात आणले पाहिजे.

प्रथम हा सांधा नेमका कसा असतो ते पाहू. स्टिअरिंगच्या चाकाच्या मध्यभागी धातूचा एक तुंबा असतो, ज्याला गॅरेजमध्ये 'बॉस' म्हणतात. त्याच्या छिद्राच्या आतल्या अंगाला उभ्या, बारीक खाचा कापलेल्या असतात आणि कॉलममधून वर येणाऱ्या पोलादी दांड्याच्या टोकावर त्या खाचांत अचूक बसणारे दाते असतात. हेच ते 'स्प्लाइन'. साधारणपणे तीस-चाळीस दाते, दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा दांडा आणि वरून एक नट किंवा बोल्ट, एवढाच हा सारा प्रपंच. दाते इतके बारीक ठेवण्यातही हेतू असतो. ३६ दाते असले तर चाक एका दात्याने सरकवल्यास १० अंशांचा फरक पडतो, आणि तेवढ्या टप्प्यांनी स्टिअरिंग सरळ बसवून घेता येते. मात्र या चिमुकल्या दात्यांवर येणारा भार चिमुकला नसतो. चालक ज्या कडेला हात लावतो ती मध्यबिंदूपासून सुमारे २० सेंटिमीटर दूर असते आणि दाते मध्यबिंदूपासून एक सेंटिमीटरच्या आत असतात. तेव्हा तरफेच्या नियमाने हातांचा जोर दात्यांपाशी वीस पटींहून अधिक होतो. पॉवर स्टिअरिंग नसलेली जुनी गाडी जागच्या जागी वळवताना दोन्ही हातांनी मिळून २० किलोंचा जोर लावला, तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या त्या सांध्यावर ४०० किलोंच्या वर भार पडतो.

हा भार वर्षानुवर्षे सोसण्यास दाते समर्थ असतात, पण एका अटीवर: वरचा नट ठरलेल्या जोराने आवळलेला असला पाहिजे. चाक वर निसटू नये एवढ्यासाठीच नट असतो असा पुष्कळांचा समज आहे. तो अपुरा आहे. तुंबा दांड्यावर असा दाबून धरायचा की दात्याला दात्यावर हलण्यास केसभरही वाव राहू नये, हे नटाचे खरे काम. तो वाव एकदा मिळाला की झीज सुरू झालीच. जात्याचा खुंटा सैल झाला म्हणजे प्रत्येक फेऱ्यागणिक तो आपले भोक आपणच मोठे करीत जातो, आणि पाचर मारण्यास जितका उशीर होईल तितके ते भोक वेडेवाकडे होत जाते. दात्यांचे नेमके तेच होते. या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा एखाद्या मामुली कामात सापडते. हॉर्न वाजत नाही किंवा इंडिकेटरचा स्विच बदलायचा आहे म्हणून चाक काढले जाते. पुलर हाताशी नसल्याने ते खालून हातोडीने ठोकून काढले जाते. आणि परत बसवताना टॉर्क रेंचच्या जागी हाती लागेल तो पाना आणि मनगटाचा अंदाज वापरला जातो. कधी हौसेखातर आणलेले छोटे 'स्पोर्टी' स्टिअरिंग, दात्यांची संख्या जुळत नसतानाही, जोर लावून दांड्यावर चढवले जाते. कधी चोराने लॉक तोडण्यासाठी चाकाला दिलेला हिसका कारणीभूत होतो. पुष्कळ गाड्यांत तुंबा ॲल्युमिनियमसारख्या नरम धातूचा आणि दांडा पोलादाचा असल्याने आधी झिजतो तो तुंबा. आणि हे एका परीने इष्टच आहे, कारण बदलायला सोपा असलेला भाग जावा आणि कठीण असलेला राहावा, यातच यंत्ररचनेचा शहाणपणा आहे.

रोगाचे निदान अवघड नाही, फक्त ते करण्याची इच्छा हवी. स्टिअरिंगमध्ये 'प्ले', म्हणजे मोकळीक, आला म्हणजे दाते गेलेच असे नव्हे. तो प्ले खालच्या क्रॉसमध्ये, स्टिअरिंग बॉक्समध्ये किंवा टाय रॉडच्या टोकांतही असू शकतो. म्हणून जाणता मेस्त्री मधले झाकण काढून तुंबा, नट आणि दांडा या तिन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढतो, पुढची चाके जमिनीवर भक्कम टेकलेली असताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवायला सांगतो, आणि स्वतः त्या रेघेवर नजर ठेवतो. रेघ अखंड राहिली तर दोष खाली कोठेतरी आहे. रेघ मध्येच मोडली आणि दांडा स्थिर असता तुंबा तेवढा हलला, तर दोष तेथेच आहे. चाक काढल्यावर ॲल्युमिनियमचा करडा-काळा किंवा पोलादाचा तांबूस भुगा दात्यांच्या मुळाशी दिसला की उरलेली शंका फिटते. यानंतर दांड्याचे दाते टोकदार आणि सरळ आहेत की त्यांचेही माथे लोळले आहेत, हे नीट उजेडात पाहावे लागते. कारण पुढचा सारा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय केले जाते ते पाहिले पाहिजे. पहिला प्रकार म्हणजे फटीत पत्र्याची पट्टी किंवा ब्लेडचा तुकडा घालून चाक पुन्हा ठोकून बसवणे; दुसरा, तुंब्याच्या काठावर पंचचे ठोके मारून धातू आत सरकवणे; तिसरा, आडवे भोक पाडून स्क्रू मारणे; आणि चौथा, जो सर्वांत भक्कम दिसतो म्हणून सर्वांत फसवा आहे तो, तुंबा दांड्याला सरळ वेल्डिंग करून टाकणे. पट्टी काही दिवसांत चुरगळते आणि झीज दुपटीने वाढवते. पंचने सरकवलेला धातू पहिल्याच जोराच्या वळणाला मागे हटतो. आडवे भोक दांड्याला नेमके जेथे अधिकात अधिक पीळ सोसायचा आहे तेथेच कमकुवत करते. वेल्डिंगची गोष्ट तर निराळीच: त्या आचेने कडक केलेल्या पोलादाचा गुण बदलतो, टाक्याच्या कडेला ठिसूळपणा येतो, आणि बारीक चीर पडली तरी ती टाक्याखाली झाकलेली राहते. शिवाय अपघातात चालकाच्या छातीवर आघात होऊ नये म्हणून दुमडणारे कॉलम जनरल मोटर्सने १९६७ मध्ये आणले, १९६८ पासून अमेरिकेत त्याविषयीचे सुरक्षा-नियम अमलात आले, आणि आज तशा रचना सार्वत्रिक आहेत; त्यांतल्या काहींत दांड्याचे दोन भाग प्लास्टिकच्या पिनांनी जोडलेले असतात, आणि गॅरेजमध्ये पेटलेल्या आचेला त्यांची पर्वा नसते. या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे. वरून झाकण बसले की काय केले ते कोणालाही दिसत नाही, बिलावर 'स्टिअरिंग काम' असे दोन शब्द पडतात, आणि गाडी पुढे विकली गेली तर नव्या मालकाला त्याचा थांगपत्ताही नसतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गेलेल्या मालकाला याच्या उलट टोकाचा अनुभव येतो. तुंबा गेला असला तरी चाक पुरे बदला, आणि दांड्याला इजा झाली असली तर कॉलमची अखंड असेंब्ली घ्या, असा हुकूम होतो. सुटा दांडा मिळण्याची तजवीज बहुधा नसतेच. गाडी जुनी असेल तर भाग येतच नाही, असे सांगून बोळवण होते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणाऱ्या पद्मिनीचे उत्पादन शतक पालटताना थांबले, उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर २०१४ मध्ये थांबली आणि मारुती ८०० चे उत्पादनही त्याच वर्षी संपले; मुंबईतील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पण खासगी मालकांकडे या जातीच्या गाड्या आजही आहेत, आणि ज्या कुर्ल्यात पद्मिनी जन्मली त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचे अवयव शोधण्याची पाळी त्यांच्यावर येते. म्हणजे एका बाजूला सांध्याकडे न पाहता पट्टी ठोकणारा, आणि दुसऱ्या बाजूला सांध्याकडे न पाहता अख्खी असेंब्ली विकणारा. दोघांची राहणी भिन्न, दर भिन्न, परंतु मूळ दोष समजून घेऊन तेवढाच दूर करण्याची टाळाटाळ दोघांचीही एकच.

या दोहोंच्या मध्ये खऱ्या दुरुस्तीची वाट आहे. दांडा शाबूत असेल तर त्याला हात लावायचा नाही. बदल करायचा तो चाकात, हे तिचे पहिले सूत्र. एअरबॅग असलेल्या गाडीत हा बदलही करू नये, त्यात तुंबा हा एअरबॅगच्या रचनेचाच भाग असल्याने बॅटरीची जोडणी तोडून, नेमलेल्या पद्धतीने, योग्य ते नवे चाकच बसवावे. आणि दांड्याचेच दाते लोळले असतील तर कोणतीही गाडी असो, दांडा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र एअरबॅगच्या आधीच्या काळातल्या, चाक उपलब्ध नसलेल्या गाडीसाठी नवा पोलादी तुंबा घडवता येतो. दांड्यावरचे दाते मोजायचे, त्यांच्या माथ्याचा आणि मुळाचा व्यास मायक्रोमीटरने घ्यायचा, टोक निमुळते आहे की सरळ ते तपासायचे. मग लेथवर पोलादाचा तुकडा कातून त्यात आतले दाते कापायचे. पूर्वी हे काम स्लॉटिंग मशीनवर, डिव्हायडिंग हेडने एकेक दाता मोजत, पुरा दिवस खर्ची घालून होई. आता पाव मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेने विजेच्या ठिणग्यांनी कापणारी वायरकट यंत्रे पुण्याच्या भोसरीपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत ठिकठिकाणी आहेत. निमुळत्या टोकाचे काम अधिक बिकट, आणि तेथेच कारागिराची परीक्षा होते. दांड्याच्या दात्यांवर निळ्या रंगाचा पातळ थर देऊन नवा तुंबा बसवून काढला असता तो रंग सर्व दात्यांच्या बगलांना सारखा उतरला पाहिजे. दोन-चार दात्यांनाच लागला तर तेवढेच दाते सारा भार घेणार आणि बाकीचे केवळ शोभेला राहणार, हे उघड आहे. हा तुंबा नंतर चाकाच्या पोलादी सांगाड्याला मध्य साधून, कॉलर ठेवून, अनेक बोल्टांनी पक्का करायचा. नवा लॉकनट घालून ठरलेल्या टॉर्कने आवळायचा. त्यावर रंगाची खूण करायची. आणि काही शे किलोमीटर गाडी फिरल्यावर झाकण काढून ती खूण ढळली नाही ना, हे पाहायचे. यात कोठेही चमत्कार नाही. मोजमाप, सावधपणा आणि पुन्हा तपासण्याची तयारी एवढेच आहे.

यावर एक सार्थ आक्षेप घेतला जाईल, आणि त्याला उडवून लावणे योग्य होणार नाही. स्टिअरिंग हा प्राणरक्षणाचा भाग. त्याचे काम गल्लीतल्या कारखान्यावर सोपवणे म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ नव्हे काय? आक्षेपामागची काळजी खरी आहे, पण तो गृहीत धरतो की हे काम मोटार कंपनीच्या मोठ्या कारखान्यात झाले म्हणजे निर्दोष होते. २०१८ च्या मार्चमध्ये फोर्ड कंपनीला उत्तर अमेरिकेत फ्यूजन आणि लिंकन एमकेझेड या गाड्या तेरा लाखांहून अधिक संख्येने परत बोलवाव्या लागल्या, कारण स्टिअरिंगचे चाक धरणारा बोल्ट सैल होऊन चाक हाती येण्याचा संभव होता. २०२३ च्या मार्चमध्ये टेस्लाच्या मॉडेल वाय गाड्यांची अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने चौकशी आरंभली; दोन गाड्या ग्राहकाला देताना तो बोल्टच बसवलेला नव्हता, केवळ दात्यांच्या घट्टपणावर चाक तग धरून होते, आणि पुढे ते धावत्या गाडीत निखळले. चूक मोठ्या कारखान्यातही होते. फरक आहे तो चूक बाहेर येण्याच्या व्यवस्थेत: तेथे तक्रार दाखल होते, चौकशी होते, गाड्यांचे क्रमांक जाहीर होतात. आपल्या गल्लीतल्या दुरुस्तीला असे दप्तरच नाही, आणि तिचा धोका हातांच्या अडाणीपणाहून या निनावीपणात अधिक आहे. बंदी घातली तर पद्मिनीचा मालक गाडी मोडीत काढणार नाही. तो तीच दुरुस्ती आणखी आतल्या गल्लीत, आणखी झाकून करून घेईल.

कायद्याची स्थिती मोठी विलक्षण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ वा नियम सांगतो की स्टिअरिंग सुस्थितीत असावे, त्यात ३० अंशांहून अधिक मोकळीक नसावी, आणि त्याचे जोड बोल्ट किंवा पिन घालून केलेले असतील तर ते पक्के बंद केलेले असावेत. हेतू चांगला आहे. पण सर्व सांध्यांची मिळून ३० अंश मोकळीक क्षम्य ठरवली की निव्वळ दात्यांतल्या मोकळिकीला वेगळे स्थान उरत नाही. ३६ दात्यांच्या सांध्यात तीन दात्यांच्या अंतराएवढे चाक खुळखुळले तरी ते या मापात बसते. वास्तविक टाय रॉडमधली थोडी मोकळीक आणि तुंब्यातली थोडी मोकळीक या एकाच तराजूत तोलण्याच्या गोष्टी नव्हेत. तुंब्याच्या ठिकाणी अनुज्ञेय मोकळीक शून्यच असली पाहिजे. त्यातही खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असल्याने, ती मुदत संपेपर्यंत फिटनेस दाखल्यासाठी तिला कोणापुढे उभे राहावे लागत नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे पाऊल पडलेले आहे. ते अर्ध्यावर थबकले आहे इतकेच. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू न दिल्याबद्दल. आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असेही बजावले. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली, पण तत्त्व नोंदले गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोटारींचा त्यात समावेश केला, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. कायद्याचे बळ मात्र या हक्काला अद्याप लाभलेले नाही, आणि पोर्टलवर दुरुस्ती-पुस्तिका ठेवली म्हणजे दुरुस्ती शक्य झाली असे होत नाही. पुस्तिकेत 'असेंब्ली बदला' एवढेच लिहिलेले असेल तर ती बाळगून कारागिराने करायचे काय?

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत. प्रत्येक कारखानदाराने स्टिअरिंगचा वरचा दांडा, चाक आणि नट हे वेगवेगळे भाग म्हणून विकावेत, आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीच्या बाबतीत दात्यांची संख्या, मापे आणि नटाचा टॉर्क जाहीर करावा. ज्या वस्तूचा व्यापार त्याने स्वतःच सोडला, तिचे माप झाकून ठेवण्यात त्याचा कोणता हितसंबंध उरतो? स्टिअरिंग आणि ब्रेक यांवरील प्रत्येक कामाची बिलावर तपशीलवार नोंद करणे, म्हणजे काय काढले, काय घातले, किती जोराने आवळले आणि कोणी आवळले हे लिहिणे, गॅरेजला बंधनकारक करावे. नियम ९८ मध्ये तुंब्याच्या सांध्याचा स्वतंत्र उल्लेख करून, दांड्याला वेल्डिंग केलेले चाक दिसताच फिटनेस दाखला रोखावा. आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात असा सांधा मोजून, नवा तुंबा कापून, निळ्या रंगाने पडताळून बसवण्याचे प्रात्यक्षिक असावे, म्हणजे लेथवरचा टर्नर आणि गॅरेजमधला मेस्त्री यांची गाठ विद्यार्थिदशेतच पडेल.

यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती कारागिराला विश्वासार्ह मानण्याची आणि त्याच वेळी जबाबदार धरण्याची तयारी. आजवर आपण त्याचा विश्वासही धरला नाही आणि त्याच्याकडून जाबही घेतला नाही, फक्त स्वस्तात काम उरकून घेतले. मालकाच्या वाट्याचे कर्तव्य तर कायदा बदलण्याचीही वाट पाहत नाही. हॉर्नच्या कामासाठी का होईना, चाक काढले गेले असेल तर नट टॉर्क रेंचने आवळला काय, हे त्याने विचारावे, झाकण लावण्यापूर्वी रंगाची रेघ आपल्या डोळ्यांदेखत ओढून घ्यावी, दाते झिजल्याचे सांगितले गेले तर जुना तुंबा हातात घेऊन पाहावा, आणि केलेले काम बिलावर लिहून द्यायला जो तयार नसेल त्याच्या दारातून गाडी उचलून दुसरीकडे न्यावी.